छोट्या देशाची चित्रपट संघटना आणि सिव्हीसीआरएम: सभासदांची वही म्हणून कितपत कामाचं?

जेमतेम तीनशे माणसांचा चित्रपट व्यवसाय असलेल्या देशात संघटना काढायची ठरली, की पहिल्या बैठकीत बोधचिन्ह ठरतं, दुसऱ्या बैठकीत पुरस्कार सोहळा ठरतो आणि सभासद नेमके कोण, हा प्रश्न कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या एक्सेल शीटमध्ये पडून राहतो. पहिली निवडणूक लागली की त्या शीटच्या तीन प्रती बाहेर येतात. एक सचिवाकडची, एक खजिनदाराकडची आणि एक, ज्याला मत नाकारलं त्याच्याकडची. संघटना फुटते ती बहुधा इथेच. धोरणावरून फुटायची वेळ फार उशिरा येते.

सिव्हीसीआरएम या सॉफ्टवेअरकडे आम्ही याच नजरेने पाहिलं आहे. २००५ पासून चालत आलेलं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मुळात ना-नफा संस्थांसाठी लिहिलेलं आहे. सभासद, वर्गणी, कार्यक्रम, सामूहिक ईमेल, तक्रारींची प्रकरणं हे सगळं एकाच ठिकाणी. वर्डप्रेस, द्रुपल, जूमला किंवा बॅकड्रॉप या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालींवर ते बसतं. परवान्याचे पैसे नाहीत. खर्च होतो तो होस्टिंगवर आणि ते सांभाळणाऱ्या माणसावर. हा दुसरा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरत नाही आणि दीड वर्षाने नेमका तोच अंगावर येतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. सभासदसंख्या साठच्या आत असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, एक नीट राखलेली शीट आणि पावतीपुस्तक पुरतं. त्याच्या वर गेलात, आणि विशेषतः एकच माणूस दिग्दर्शकही आहे, निर्माताही आहे आणि शेजाऱ्याच्या चित्रपटाचा संकलकही आहे अशी स्थिती असेल (छोट्या देशात ती असतेच), तर याच्या तोडीचं फुकट काही मिळणं अवघड. मात्र बसवण्याआधी संघटनेची घटना, म्हणजे नियमावली, लिहून झालेली हवी.

सभासदत्वाचा फॉर्म

हे सॉफ्टवेअर सभासदत्वाचा प्रकार तयार करताना जे प्रश्न विचारतं, ते बहुतेक संघटनांनी स्वतःला कधी विचारलेलेच नसतात. मुदत किती? ती सभासद झाल्या दिवसापासून मोजायची की ठरावीक वर्षाला बांधायची? वर्ष संपत आलं असताना आलेल्याला किती मुदत द्यायची? घटनेत ‘वार्षिक वर्गणी’ एवढे दोनच शब्द असतील तर या पडद्यासमोर बसलेला माणूस स्वतःच नियम ठरवून मोकळा होतो आणि पुढे ती सचिवाची मनमानी ठरते.

मुदत दोन तऱ्हांची ठेवता येते. ‘रोलिंग’ म्हणजे प्रत्येकाची आपापल्या तारखेपासून, ‘फिक्स्ड’ म्हणजे सगळ्यांची एकाच दिवशी सुरू होऊन एकाच दिवशी संपणारी. छोट्या संघटनेने ‘फिक्स्ड’च घ्यावी. मतदार यादी वर्षातून एकदाच करायची असते आणि थकबाकीदार एकदाच मोजायचे असतात. याच फॉर्मवर ‘रोलओव्हर’ची तारीख विचारली जाते. वर्ष १ जानेवारीला सुरू होत असेल आणि इथे १ ऑक्टोबर टाकलं, तर १ ऑक्टोबरपासून पुढे आलेल्याला चालू वर्षाचे उरलेले महिने आणि पुढचं पूर्ण वर्ष मिळतं. ही तारीख विचार न करता सोडली तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पूर्ण वर्गणी भरलेल्या ध्वनिमुद्रकाची मुदत दहा दिवसांत संपते. मग त्याला समजावत बसा.

त्याहून महत्त्वाचे आहेत स्थितीचे नियम. ‘न्यू’, ‘करंट’, ‘ग्रेस’, ‘एक्स्पायर्ड’ अशा स्थिती आधीच ठरवून दिलेल्या असतात. सभासद झाल्यापासून तीन महिने ‘न्यू’, मग ‘करंट’, मुदत संपल्यावर एक महिना ‘ग्रेस’, त्यानंतर ‘एक्स्पायर्ड’. नियम वरून खाली तपासले जातात आणि पहिला जो लागू पडेल तो धरला जातो, म्हणून क्रम हलवताना जपून. नव्या सभासदाला सहा महिने मत नाही असं घटनेत असेल तर ‘न्यू’चे तीन महिने सहा करा आणि मतदार यादी काढताना ‘न्यू’ वगळा, की काम झालं. निवडणुकीच्या तोंडावर चुलत्या-मामेभावांची भरती करून खुर्ची मिळवायचा उद्योग या एका आकड्याने थांबतो.

इथे एक मेख आहे. ‘ग्रेस’ स्थितीतला माणूस मुळातल्या मांडणीत चालू सभासद म्हणूनच मोजला जातो. थकबाकीदाराला मत नाही असं तुमची घटना म्हणत असेल आणि तुम्ही नुसतं ‘चालू सभासद’ शोधून यादी छापली, तर त्यात थकबाकीदारही आले. यादी काढताना ‘ग्रेस’ वेगळं वगळा किंवा त्या नियमावरची चालू सभासदत्वाची खूण काढून टाका.

आणि हे सगळं आपोआप घडत नाही. स्थिती बदलण्याचं काम रोज रात्री चालणारा एक ‘शेड्यूल्ड जॉब’ करतो आणि तो चालायला सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय, लावावं लागतं. क्रॉन नसेल तर वर्ष उलटून गेलं तरी सगळे ‘करंट’च दिसत राहतात. सभासदांच्या यादीत लाल काही येत नाही, सगळं छान दिसतं, आणि लोकांना वाटतं वसुली यंदा शंभर टक्के झाली. महिन्यातून एकदा शेड्यूल्ड जॉब्जच्या पानावर जाऊन प्रत्येक कामापुढची ‘शेवटचं कधी चाललं’ ती तारीख पाहायची. दोन मिनिटांचं काम आहे.

एक माणूस, चार टोप्या

मोठ्या देशांत दिग्दर्शकांची संघटना वेगळी, संकलकांची वेगळी, छायालेखकांची वेगळी. ती नक्कल छोट्या देशात उतरवायला गेलं की तीस-तीस माणसांच्या चार संस्था तयार होतात आणि एकाही सभेला गणपूर्ती होत नाही, कारण चारही सभांना तीच वीस माणसं यायची असतात. दोनशेच्या आत सभासद असतील तर संघटना एकच ठेवावी, वर्गणी एकच, आणि माणूस काय काम करतो ते सभासदत्वाच्या प्रकारात न टाकता वेगळ्या फील्डमध्ये टाकावं. दोन फील्ड करा. ‘मुख्य काम’ यात एकच पर्याय निवडता येईल असं, आणि ‘इतर कामं’ यात हवे तितके. कार्यकारिणीतल्या राखीव जागांसाठी फक्त ‘मुख्य काम’ धरायचं आणि ते वर्षातून एकदाच बदलता येईल असा ठराव करायचा. नाहीतर निवडणुकीच्या आठवड्यात दिग्दर्शकांचे संकलक होतात.

तरीही वेगवेगळी गिल्ड (एकेका कामाच्या संघटना) हवीच असतील तर या सॉफ्टवेअरचा एक खोल खड्डा आधी माहीत हवा. सभासदत्वाचा प्रत्येक प्रकार कुठल्या तरी ‘संस्थे’शी जोडलेला असतो. चारही प्रकार एकाच संस्थेला जोडले आणि आधीच दिग्दर्शक गिल्डचा सभासद असलेल्या माणसाने ऑनलाइन फॉर्मवर संकलक गिल्डचे पैसे भरले, तर सॉफ्टवेअर त्याला दुसरं सभासदत्व देत नाही. पहिल्याचाच प्रकार बदलून टाकतं. त्याच्या दृष्टीने हे नूतनीकरण आहे, ‘साधा’चा ‘विशेष’ व्हावा तसं. पैसे दोनदा आले, सभासदत्व एकच उरलं, आणि दिग्दर्शकांच्या यादीतून माणूस गुपचूप गळाला. उपाय सोपा आहे पण सुरुवातीलाच करावा लागतो. प्रत्येक गिल्डसाठी वेगळी संस्था म्हणून नोंद करायची आणि प्रत्येक प्रकार आपापल्या संस्थेला जोडायचा. मग एका माणसाला दोन्ही सभासदत्वं सुखाने नांदवता येतात.

निर्मिती संस्थांचं सभासदत्व हा आणखी नाजूक मामला. कंपनी सभासद झाली की तिच्या माणसांनाही सभासदत्वाचे फायदे आपोआप मिळावेत अशी सोय इथे आहे. ‘एम्प्लॉयी ऑफ’ हे नातं सभासदत्वाच्या प्रकाराला जोडलं की कंपनीशी त्या नात्याने जोडलेल्या प्रत्येकाच्या नावावर सभासदत्वाची नोंद तयार होते. सोय उत्तम, पण मोजणीत घोळ करणारी. सहा भागीदारांच्या कंपनीची एक मूळ आणि सहा वारशाने आलेल्या, अशा सात नोंदी होतात. मत एक की सात? घटनेत ‘एक कंपनी, एक मत’ असेल तर यादी काढताना ‘प्रायमरी मेंबर’ची, म्हणजे फक्त मूळ नोंद मोजायची, अट लावायलाच हवी. शिवाय ‘मॅक्स रिलेटेड’ या रकान्यात आकडा टाका, तो रिकामा ठेवला तर मर्यादाच राहत नाही. आणि ‘सध्याची कंपनी’ हे फील्ड सार्वजनिक फॉर्मवर ठेवू नका. त्यात कंपनीचं नाव भरलं की नातं तयार होतं, आणि नात्यामागून सभासदत्व येतं. दार उघडं ठेवून पहारा करण्यात अर्थ नाही.

नावांचा प्रश्न

ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिलं त्यांच्या डोक्यात माणसाला एक नाव आणि एक आडनाव असतं. छोट्या देशांचं तसं नाही. भूतानमध्ये बहुतेकांना घराण्याचं आडनाव नसतं आणि कर्मा, ताशी, दोर्जी, छेरिंग ही नावं वेगवेगळ्या जोड्यांत पुन्हा पुन्हा येतात. आइसलँडमध्ये बहुतेकांच्या नावामागे वडिलांचं किंवा आईचं नाव लागतं, तेही मुलगा की मुलगी त्यानुसार वेगळा प्रत्यय जोडून, त्यामुळे सख्ख्या भावाबहिणीचंही ‘आडनाव’ वेगळं, आणि लोकांची यादी पहिल्या नावाने लावायची रीत.

व्यक्तीची नोंद करताना सॉफ्टवेअर नाव आणि आडनाव दोन्ही मागतं, किंवा निदान ईमेल तरी. एकच नाव असलेल्या ज्येष्ठ प्रकाशयोजनाकाराकडे ईमेलही नसेल तर नोंद अडते. मग कारकून आडनावाच्या रकान्यात टिंब टाकतो, आणि ते टिंब पुढे ओळखपत्रावर छापून येतं. त्यापेक्षा अशा लोकांसाठी संघटनेच्या डोमेनवर सभासद क्रमांकाचा ईमेल पत्ता काढून द्यावा. यादीचा क्रम मुळात ‘आडनाव, नाव’ असा असतो. तो डिस्प्ले प्रेफरन्सेसमधल्या ‘सॉर्ट नेम फॉरमॅट’मध्ये बदलता येतो, पण हे सगळं नोंदी भरायच्या आधी. आधी शंभर नोंदी भरून मग क्रम बदलला की जुन्या एका क्रमाने आणि नव्या दुसऱ्या क्रमाने, अशी खिचडी व्हायची शक्यता असते.

दुहेरी नोंदी शोधण्याचं साधन चांगलं आहे, पण तयार नियमांवर विसंबून राहता येत नाही. प्रत्येक फील्डला वजन द्यायचं आणि एक उंबरठा ठरवायचा, जुळलेल्या फील्डांच्या वजनांची बेरीज त्या उंबरठ्याला पोहोचली की जोडी संशयित. नावं फार सारखी असलेल्या समाजात आम्ही असं सुचवू: नाव ३, आडनाव ३, जन्मतारीख ६, मोबाइल ६, उंबरठा १०. नाव-आडनाव मिळून सहाच होतात, म्हणजे नुसत्या नावावरून कुणावर संशय येत नाही. जन्मतारीख किंवा मोबाइल जुळला तरच जोडी समोर येते.

जोडी समोर आली की पडद्यावर दोन स्तंभ दिसतात. डावीकडे जी नोंद जायची ती, उजवीकडे जी राहायची ती, आणि मधे बाण. ज्या रकान्याचा बाण तुम्ही खूण करून मान्य कराल, तेवढीच माहिती डावीकडून उजवीकडे येते. बाकीची मागे राहते आणि नोंदीबरोबर कचऱ्यात जाते. इथे घाई करणारा माणूस जुना, बंद पडलेला फोन ठेवतो आणि चालू फोन घालवतो. जास्त माहिती चुकीच्या बाजूला असेल तर वरचा दुवा दाबून बाजू उलटवता येतात. आणि दोन्ही माणसं खरोखर वेगळी असतील तर ‘ही जोडी दुहेरी नाही’ अशी नोंद आवर्जून करा, म्हणजे पुढच्या वर्षी नव्या कारकुनाला तीच जोडी पुन्हा दिसून तो ती विलीन करणार नाही. एका नावाची दोन माणसं एक झाली, की एकाची श्रेयनामावली दुसऱ्याच्या नावावर जाते. ती परत वेगळी करणारं बटण नाही.

श्रेयांची नोंद, आणि ती कशाला लागते

सभासद व्हायला किती चित्रपटांत काम हवं, ते सिद्ध कसं करायचं, हा प्रत्येक व्यावसायिक संघटनेचा उंबरठा. पण श्रेयांची नोंद देशाबाहेरही लागते. ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट विभागात प्रत्येक देशाला एकच चित्रपट पाठवता येतो आणि तो निवडणारी समिती अकॅडमीने मान्य केलेली असावी लागते. त्या समितीत निदान निम्मी माणसं चित्रपटाशी निगडित कलावंत आणि तंत्रज्ञ हवीत. ‘लुनाना: अ याक इन द क्लासरूम’ भूतानने पहिल्यांदा पाठवला तेव्हा अशी मान्य समितीच नव्हती म्हणून तो बाद झाला. पुढच्या वर्षी रीतसर समितीमार्फत पुन्हा गेला आणि २०२२ च्या सोहळ्यात अंतिम पाचांत होता. चित्रपट तोच होता, मधल्या काळात फक्त कागद पुरा झाला.

त्या कागदात चित्रपटाचं सर्जनशील नियंत्रण प्रामुख्याने त्या देशाच्या नागरिकांकडे, रहिवाशांकडे किंवा तिथे आश्रय मिळालेल्यांकडे होतं हेही दाखवावं लागतं. छोट्या देशाचे चित्रपट बहुतेकदा सहनिर्मितीचे असतात, छायालेखक एका देशाचा, संगीतकार दुसऱ्याचा. तेव्हा नागरिकत्व आणि वास्तव्य ही दोन वेगळी फील्ड पहिल्या दिवसापासून ठेवा. दोन्ही एकत्र करून ‘देश’ असं एकच फील्ड ठेवलेल्या संघटनांना आयत्या वेळी प्रत्येकाला फोन करत बसावं लागतं.

श्रेयं कशी ठेवायची याला इथे तीन वाटा आहेत. पहिली, व्यक्तीच्या नोंदीत अनेक ओळींचं कस्टम फील्ड: चित्रपट, वर्ष, काम. करायला सोपी, पण एकाच चित्रपटाचं नाव चौदा जण चौदा तऱ्हांनी लिहितात आणि ‘या चित्रपटावर कोण कोण होतं’ हे शोधता येत नाही. दुसरी, आम्हाला पसंत असलेली: ‘संस्था’ या प्रकाराखाली ‘चित्रपट’ असा पोटप्रकार करायचा, प्रत्येक चित्रपटाची एक नोंद करायची आणि माणसाला तिच्याशी ‘दिग्दर्शक’, ‘संकलक’, ‘ध्वनिमुद्रक’ अशा नात्यांनी जोडायचं. चित्रपट उघडला की सगळा ताफा दिसतो, माणूस उघडला की त्याची कारकीर्द. वाद असलेलं श्रेय न पुसता निष्क्रिय करून ठेवता येतं. चित्रपटाला संस्था म्हणणं जरा विचित्र वाटतं खरं, आणि कंपन्यांना पत्रं पाठवताना चित्रपटांनाही पत्र जायचा धोका असतो, म्हणून त्या पोटप्रकाराच्या सर्व नोंदींवर ‘ईमेल नको’ची खूण करून ठेवा. तिसरी वाट ‘एंटिटी कन्स्ट्रक्शन किट’ या विस्ताराची, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायच्या भागाची. त्याने ‘चित्रपट’ असा नोंदीचा नवा प्रकारच करता येतो. रचना म्हणून सर्वांत शुद्ध, पण तो समजणारा माणूस संघटनेत असेल तरच.

चित्रपटाच्या नोंदीत आयसान, म्हणजे चित्रपटांना मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकासाठी फील्ड ठेवाल तेव्हा ते अंकांचं ठेवू नका, अक्षरांचं ठेवा. आयसान षोडशमान पद्धतीने लिहितात, म्हणजे त्यात ० ते ९ बरोबर ए ते एफ ही अक्षरं येतात. २४ अंक, दोन तपासणी अक्षरं आणि मधल्या सात रेघा मिळून ३३ खुणा होतात, तेव्हा लांबी ४० ठेवा. रेघा काढून साठवायचा मोह टाळा. रेघांशिवायचा आकडा एक्सेलमध्ये उघडला की सुरुवातीची शून्यं गळतात, आणि मधे नुसतं एक ‘ई’ असेल तर एक्सेल त्याला घातांक समजून भलतीच संख्या करून ठेवतं. फील्डचा प्रकार नंतर सहजी बदलता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

मतदार यादी

‘स्मार्ट ग्रुप’ ही या सॉफ्टवेअरची सर्वांत लाडकी सोय. अट लिहायची, त्या अटीत बसणारी माणसं आपोआप गटात. मतदार यादीसाठी मात्र हाच गट घातक. तो जिवंत असतो. अर्हता दिनांक ३१ मार्च असेल आणि कुणी ४ एप्रिलला वर्गणी भरली, तर ५ तारखेला छापलेल्या यादीत तो हजर. बरोबर पद्धत अशी: अर्हता दिनांकाच्या रात्री सर्चकिट या शोधाच्या साधनात अट चालवा, मिळालेली सगळी नावं एका साध्या, स्थिर गटात टाका, त्या गटाच्या नावात तारीख लिहा आणि तीच यादी छापून दोन पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या. हरकती आल्या तर त्या गटात हातानेच माणूस घालायचा किंवा काढायचा, आणि प्रत्येक बदलाची कारणासह नोंद त्या माणसाच्या खात्यावर करायची.

मतदानाची सोय मूळ सॉफ्टवेअरमध्ये नाही. ती उणीव आम्ही मोजत नाही. यादी जिथे ठेवायची तिथेच मतपेटीही ठेवू नये.

पैसे

कार्ड चालतं, पेपाल चालतं, स्ट्राइपसाठी विस्तार मिळतो. पण पुष्कळ छोट्या देशांत यातलं काहीच नीट चालत नाही, आणि तिथे ‘पे लेटर’ हा पर्याय खरा कामाचा. माणूस फॉर्म भरतो, सभासदत्व ‘पेंडिंग’ राहतं, बँकेत पैसे आले की खजिनदार नोंद करतो. इथली चूक ठरलेली आहे. खजिनदार सभासदत्वाची नोंद उघडतो आणि तिची स्थिती हाताने बदलतो. माणूस सभासद दिसतो, पण वर्गणीची नोंद ‘पेंडिंग’च राहते आणि वर्षअखेरीला हिशेबात न आलेल्या पैशांचा डोंगर दिसतो. नेहमी वर्गणीच्या नोंदीत जाऊन पैसे मिळाल्याचं नोंदवायचं, मग सभासदत्व आपसूक पुढे सरकतं. खजिनदाराच्या टेबलावर हे एक वाक्य चिकटवून ठेवण्याजोगं आहे.

हे हिशेबाचं सॉफ्टवेअर नव्हे. व्यवहारांचे गठ्ठे सीएसव्हीत, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये, काढून हिशेबनिसाकडे द्यायचे, एवढीच अपेक्षा ठेवा. परदेशी सभासदांकडून वेगळ्या चलनात वर्गणी घ्यायची असेल तर वेगळं पान करावं लागतं. विनिमय दर वगैरे त्याला कळत नाही.

तक्रारी

बुडालेलं मानधन, गाळलेलं श्रेय, तोंडी करार. संघटनेची खरी किंमत सभासदाला या तीन गोष्टींत कळते. ‘सिव्हीकेस’ हा भाग त्यासाठी चांगला आहे. प्रकरणाचा प्रकार एकदा आखायचा: पहिल्या दिवशी पोच, सातव्या दिवसापर्यंत दुसऱ्या बाजूचं उत्तर, एकविसाव्या दिवशी सुनावणी. नवं प्रकरण उघडलं की या तारखा आपोआप पडतात आणि कुणाकडे काय अडलंय ते दिसतं.

छोट्या देशात अडचण गुप्ततेची. समितीतल्या पाचांपैकी एक जण त्या निर्मात्याबरोबर सध्या काम करत असतो आणि दुसरा त्याचा मेहुणा असतो. म्हणून समितीच्या लोकांना ‘सर्व प्रकरणं पाहा’ ही परवानगी कधीही देऊ नका, ‘माझी प्रकरणं’ एवढीच द्या आणि प्रत्येक प्रकरणात माणसं नेमा. हितसंबंध असलेल्याला नेमायचंच नाही. तरीही व्यवस्थापकाचं खातं असलेल्याला सगळं दिसतं हे विसरू नका. ते खातं कुठल्याही चालू निर्मात्याकडे नसावं. साक्षीपुराव्याचे कागद तर आम्ही इथे ठेवूच नयेत असं म्हणू. इथे तारखा आणि निर्णय, कागद कुलपात.

खटकलेल्या गोष्टी

पडद्यांची भाषा आणि मांडणी रुक्ष आहे. एकाच कामाला तीन रस्ते, आणि जुने शोध-पडदे अजून सर्चकिटच्या शेजारी उभे, त्यामुळे शिकणारा गोंधळतो. नव्या माणसाला सरळ सर्चकिट आणि फॉर्मबिल्डरच शिकवा, जुनं दाखवूच नका. नवी आवृत्ती दर महिन्याला येते. सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडून बाकी दर महिन्याला धावायची गरज नाही, पण वर्षभर हातच लावला नाही तर नंतरची उडी मोठी पडते आणि विस्तार मोडतात. विस्तार सात-आठच्या वर जाऊ देऊ नका.

बहुभाषिक अवस्था हे दुसरं दुखणं. लक्झेंबर्गसारख्या तीन भाषांत कारभार चालणाऱ्या देशात ती चालू करायचा मोह होणारच. ती चालू केली की डेटाबेसची रचनाच बदलते, आणि काही विस्तार त्यावर अडखळतात. पत्रांचे नमुने प्रत्येक भाषेत वेगळे ठेवणं आणि माणसाच्या नोंदीत त्याची पसंतीची भाषा ठेवणं एवढ्यावर बरंच भागतं.

ईमेलचं गाडं सर्व्हरवर अवलंबून. डोमेनला एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी (पत्र खरंच तुमच्याकडून आलं हे पटवणाऱ्या) लावल्या नाहीत तर सभेची सूचना निम्म्या लोकांच्या स्पॅममध्ये जाते, आणि ‘सूचनाच मिळाली नाही’ या एका मुद्द्यावर सभा रद्द होऊ शकते. परत आलेल्या पत्रांसाठी वेगळा मेलबॉक्स जोडा. त्यातून बंद पडलेले पत्ते आपोआप ‘होल्ड’वर जातात आणि कुणाला कागदी पत्र पाठवायचं ते कळतं.

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर हे चालतं, पण घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: क्रॉन लावता येतं का, आणि डेटाबेसवर ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारी आज्ञा) तयार करायची परवानगी आहे का. दुसरी नसेल तर बदलांची सविस्तर नोंदवही चालू करता येत नाही, आणि ‘माझं नाव यादीतून कुणी काढलं’ याचं उत्तर त्या नोंदवहीतच असतं. बॅकअप घेताना डेटाबेसबरोबर फाइल्सचं फोल्डर आणि सेटिंग्जची फाइलही घ्या. त्या फाइलमधल्या किल्ल्यांशिवाय साठवलेले मेल सर्व्हरचे पासवर्ड उलगडत नाहीत.

पर्याय म्हणून वाइल्ड ॲप्रिकॉटसारख्या पैसे देऊन घ्यायच्या सेवा आहेत. तिथे सर्व्हरची कटकट नाही, पडदे देखणे आहेत, पण दर संपर्कांच्या संख्येवर चढतो. चित्रपट संघटनेच्या वहीत सभासदांपेक्षा बिगरसभासद जास्त असतात: कधीकाळचे सहायक, परदेशी तंत्रज्ञ, महोत्सवांची माणसं. त्या सगळ्यांचे पैसे भरायचे म्हटलं की यादी लहान ठेवायची वृत्ती होते, आणि श्रेयांची नोंद अर्धवट राहते.

बसवायला लागणारा वेळ विचाराल तर जाणकाराला सॉफ्टवेअर उभं करायला एक दिवस, प्रकार, फील्ड आणि परवानग्या लावायला आठवडा, आणि जुन्या शीटमधली नावं साफ करायला दीड-दोन महिने. आयात करताना आधी वीसच ओळींची फाइल चढवून पाहा, तारखांचा क्रम बरोबर लागला का ते तपासा, मगच उरलेली. दिवस आणि महिना उलटे वाचले गेले तर १२ तारखेपर्यंतच्या जवळपास सगळ्या तारखा गपगुमान चुकीच्या जातात, अडतात फक्त १३ पासूनच्या.